ओट्यावर मांडलेली नाव

थडी सावळीत दसरा सरला की ऊसतोडीचे ट्रक यायचे आणि आठवड्याभरात अर्धं गाव रिकामं व्हायचं. जाणारी माणसं घराला कुलूप लावत आणि किल्ली मागं राहणाऱ्या एखाद्या घरी ठेवून जात. सहा महिने दुसऱ्याच्या घराची किल्ली सांभाळायची म्हणजे पोरखेळ नव्हे. आत कणगीतली ज्वारी असते, पितळेची घागर असते, लेकीच्या लग्नासाठी जपलेलं लुगडं असतं. म्हणून किल्ली कुणाकडे ठेवायची ते गाव नीट पारखून ठरवी. कमलबाईच्या दाराआड भिंतीत अकरा खिळे होते आणि हिवाळ्यात अकराही भरलेले असत. तिचा नवरा दिवसभर पत्ते कुटायचा, ती स्वतः अर्धा दिवस शेजारणीकडे असायची, पण किल्ल्या तिच्याकडेच.

बायनाबाईच्या घरात असा एकही खिळा नव्हता.

खरं तर किल्ली सांभाळायला तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत मिळाली नसती. ऊसतोडीला ती कधी गेली नाही. दिवाळी झाली आणि गोदावरीचं पाणी उतरलं की ती वाळूत आळी करून टरबूज-खरबूज लावायची. तिकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. उन्हाळाभर बायनाबाई गंगेत नाही तर घरात, तिसरीकडं कुठं नाही. पन्नाशीची काटक बाई. सोनपेठच्या बाजारात गिऱ्हाइकानं टरबुजाला हात घातला की स्वतःच सांगायची, "ते नगा घेऊ, आत पांढरं निघंल." अशा बाईचा धंदा जेवढा चालायचा तेवढाच चालला. नवरा आश्रुबा घरजावई होता. तोही भला माणूस, बायकोपुढं बोलायची सवय मोडलेला.

तरीही तिच्याकडं किल्ली नाही, कारण तिचं घर पेटीवाल्यांचं.

गोष्ट तेराशे अठरा फसलीची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे आठ-नऊच्या सुमाराची. निजामाचं राज्य होतं आणि थडी सावळीच्या उतारावर, गंगा ओलांडायच्या जागी, मोठी नाव चालायची. ती नाव बायनाबाईचा आजा भुजंग हाकायचा. एका श्रावणात पलीकडच्या काठावरून सरकारी खजिन्याची लोखंडी पेटी आली. बरोबर दोन जवान आणि बाजारहून परतणारी माणसं. नाव मधल्या डोहावर आली आणि पुढून पाण्यात गेली. गावातली एकोणीस माणसं बुडाली, दोन्ही जवानही बुडाले. भुजंग पोहून निघाला. पेटी काही निघाली नाही. महिनाभर सरकारनं डोह ढवळला, भुजंगाला चौकीत नेऊन पाठ सोलेपर्यंत मारलं. मग लोक बोलू लागले: यानंच नाव मुद्दाम बुडवली, डोह याला घरासारखा माहीत, चार दिवसांनी येऊन पेटी काढली आणि कुठंतरी पुरली. नावेचं वतन गेलं. घराला "पेटीवाले" हे नाव चिकटलं ते तीन पिढ्या निघालं नाही.

आता कुणाही शहाण्या माणसानं विचार करावा. खजिना मारलेल्याची नात भर उन्हात डोक्यावर टोपलं घेऊन टरबुजं विकत फिरेल का? पण गाव असा हिशेब करत नाही. बायनाबाईचे मायबाप याच बोलण्याखाली गेले. लग्नात आहेराचं ताट धरायला तिला कुणी बोलावलं नाही. ती घरात आली की बोलणाऱ्या बायका उगीचच उतरंडीकडं एक नजर टाकत. लहानपणी तिनं आजीला विचारलं होतं, "आजा चोर होता का गं?" आजी जात्यावर बसली होती. ती म्हणाली, "चोर न्हवता. पण मी चोर न्हाई आसं त्यो कंदी म्हनलाच न्हाई. मारलं तरी गप. मरस्तवर गप." बायनाबाईला हे जन्मभर उमगलं नाही. न केलेल्या गोष्टीसाठी माणूस एवढा मार खातो आणि तोंड उघडत नाही?

एकोणीसशे सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात गंगा आटली. मागचं साल कोरडं गेलं होतं, वरच्या धरणातून थेंब सुटत नव्हता. होळीच्या सुमारास मधल्या डोहाच्या काठावर, वाळूतून सागाच्या फासळ्या वर आल्या. ती जागा बायनाबाईच्या वाडीपासून शंभर पावलांवर. तिनंच पहिल्यांदा पाहिल्या. खुरपं हातातच राहिलं. घरी येऊन ती आश्रुबाला म्हणाली, "नाव वर आलीय. आता काय हाय ते दिसंल. चोर तर चोर. पण दिसंल."

पण दिसू द्यायचं कुणाच्या मनात नव्हतं. नावेची बातमी पेपरात आली आणि महिन्याच्या आत एक कंपनी आली. जुन्या बुडालेल्या नावांचा शोध घ्यायचा सरकारी परवाना तिच्याकडं होता. निघेल त्यात कंपनीचा वाटा, उरलेलं सरकारचं. डिझेलचा पंप आला, वाळूच्या गोण्यांचा बांध पडला आणि तिसऱ्या दिवशी नावेभोवती डोक्याच्या वर जाईल एवढी हिरवी कनात उभी राहिली. गावातली पंचवीस माणसं रोजानं लावली. आत काय निघालं ते बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद दिली. संध्याकाळी सुटताना प्रत्येकाची झडती. जीप भरून जायची, वर ताडपत्री.

इथं एक सांगायला हवं. थडी सावळीत गंगेतून काही निघालं तर त्याचा एक दस्तूर होता. पुरात बाज वाहत आली, गाठोडं आलं, मेलेली शेळी जरी आली, तरी काढणाऱ्यानं ती वस्तू महादेवाच्या देवळापुढच्या ओट्यावर मांडायची. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत ती तिथं राहायची. वरच्या गावची, खालच्या गावची माणसं येऊन बघून जात. ज्याची असेल त्यानं न्यावी. कुणाचीच नसली तर मग काढणाऱ्याची. मांडल्यावर काढणाऱ्यानं हात लावायचा नाही. हा दस्तूर कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

बायनाबाई कनातीपुढं जाऊन उभी राहिली. कंपनीचे साहेब दिनकरराव, टोपी घातलेले, मुंबईचे, बोलायला मऊ.

"सायेब, जे निघंल ते ओट्यावर मांडा."

"बाई, हे शास्त्रीय काम आहे. उघड्यावर मांडलं तर गर्दी होते, वस्तू फुटतात, चोऱ्या होतात. आम्ही सगळं नोंदवतो आहोत. शेवटी अहवाल होणार आहे."

"त्यो अव्हाल कुनाला दावनार?"

"सरकारला."

"आन् आमाला?"

दिनकरराव हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाकडं बघून हसावं तसे हसले. "तुम्हाला काय करायचं आहे अहवालाचं?"

"माज्या आज्याला चोर म्हनत्यात. ती पेटी हितं निघंल का न्हाई, कुलूप हाय का तुटलंय, हे मला बगायचंय. तुमी कनातीत बगून जीपीत घालून नेलं तर गाव काय म्हनंल? कंपनीला काय बी गावलं न्हाई, पेटीवाल्यांनी कवाच नेलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सरपंच नागनाथ शेजारी उभे होते. कंपनीच्या माणसांची राहायची सोय त्यांच्याच वाड्यात होती. ते मोठ्यानं म्हणाले, "हिला भ्या वाटायलंय. आज्याचं उघडं पडंल म्हनून गिरक्या घालायली."

रोजावरची माणसं हसली. बायनाबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण ती भांडली नाही. त्या दिवसापासून तिनं एकच केलं: टरबुजाचं टोपलं कनातीच्या दाराशी आणून ठेवलं आणि तिथंच बसायला लागली. सकाळपासून झाकड पडेपर्यंत. जीप किती वेळा आली, किती गोणी गेल्या, लाकूड किती फेकलं, हे ती बघे आणि शाळेत जाऊन वैजीनाथ मास्तरांना सांगे. मास्तर वहीत उतरवून घेत. गावात तिचं ऐकणारा तेवढा एकच माणूस होता.

मास्तरच म्हणाले, "बायनामावशी, परवाना म्हटलं की त्याला अटी असणार. तालुक्याच्या कचेरीत नक्कल मिळेल. पण ते तुम्हाला देणार नाहीत."

"कामून न्हाई देनार?"

पहिल्या खेपेला नामांतराचा मोर्चा होता, एसट्या बंद. ती पायी गेली. कारकून म्हणाला, साहेब नाहीत. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "तुमचा काय संबंध?" ती म्हणाली, नाव माझ्या आज्याची. "नाव सरकारची," कारकून म्हणाला आणि फाईल ओढली. तिसऱ्या खेपेला ती भाकरीचं गाठोडं घेऊन गेली आणि त्याच्या टेबलापुढच्या बाकावर बसली. दुपारी तिथंच भाकरी सोडली, कांदा फोडला. कारकून वैतागला. "अहो, किती दिवस बसणार आहात?"

"उद्या-परवाच्या भाकरी बी आनल्यात," ती म्हणाली.

पाच वाजता नक्कल मिळाली.

मास्तरांनी ती शाळेच्या पायरीवर वाचली. नववी अट वाचताना त्यांचा आवाज बदलला. सापडलेली प्रत्येक वस्तू, मौल्यवान असो वा नसो, गावच्या दोन पंचांसमक्ष नोंदवावी आणि ती यादी दर आठवड्यास चावडीवर लावावी. महिना होत आला होता. चावडीवर एक चिठोरंही लागलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, "आता अर्ज करू." बायनाबाई म्हणाली, "अर्ज करा. पर अर्जाला पाय नसत्यात. तवर नाव संपंल." आणि ती उठली. त्या एकोणीस बुडालेल्यांची घरं कोणती ते तिला पाठ होतं. ज्या घरांतून आपल्याला शिव्या आल्या ती घरं माणूस विसरत नाही. ती एकेका घरी गेली. "तुमचं मानूस त्या नावेत हुतं. त्याची वाटी निघाली, कडं निघालं, तर कुनी दावायचं?" एका घरानं दार लावलं. दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, तुझ्याच आज्यानं बुडवलं आणि तूच विचारायला आलीस. चतुराबाईनं तर अंगणातूनच परत लावलं. चतुराबाईचा आजा चंद्रभान त्या नावेत गेला होता, आणि तिचा लेक बन्सीधर कनातीत रोजावर होता. "रोज बुडवायला आली का आमचा? जा, टरबुजं इक," चतुराबाई म्हणाली.

बायनाबाई सगळीकडं जाऊन आली. एकही माणूस तिच्या मागं आला नाही. वाटेत ती एका जागी बसली आणि जरा रडली. मग पदरानं तोंड पुसून कनातीच्या दाराशी जाऊन बसली.

कंपनी नावेतला गाळ तिच्या वाडीच्या कडेला आणून टाके. तिला विचारलंही नव्हतं. एके सकाळी वेलांवर आलेला गाळ ती खुरप्यानं बाजूला करत होती, तर खुरपं खणकन वाजलं. मातीचा गोळा फुटला आणि आतून तांब्याची वाटी निघाली. काठावर टोचे मारून काढलेली अक्षरं होती, मोडी. कंपनीच्या डोळ्यांतून सुटलेली ही एकच वस्तू, आणि ती तिच्या हातात. वाटी घेऊन ती साहेबांकडं गेली नाही, घरीही गेली नाही. सरळ महादेवापुढं गेली, वाटी ओट्यावर मांडली आणि दोन हात लांब बसली.

मास्तरांनी येऊन अक्षरं लावली. चंद्रभान.

चतुराबाई धावत आली. आज्याच्या लग्नातली वाटी, जोडीची दुसरी वाटी तिच्या घरी फडताळात होती. दोन्ही वाट्या तिनं शेजारी शेजारी ठेवल्या आणि ओट्यावर कपाळ टेकून हंबरडा फोडला. माणूस गेला त्याला ऐंशी वर्षं होत आली, तिनं त्याला पाहिलंही नव्हतं, तरी रडली. मग डोळे पुसून बायनाबाईला म्हणाली, "तुला सापडली. मोडून खाल्ली आसतीस तर कुनाला मालूम झालं आसतं?"

"मला झालं आसतं," बायनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कनातीपुढं चतुराबाई आली, तिच्या मागं त्या एकोणीस घरांतल्या बाया. चतुराबाईनं आत हाक मारली, "बन्सीधर, वर ये. आज्याची वाटी ज्यांनी चिखलासंगं फेकली त्यांच्या हाताखाली राबायचं न्हाई." बन्सीधर वर आला. त्याच्यामागं बाकीचे आले. पंप चालू होता, पण पाटी उचलायला माणूस नव्हतं. मास्तरांनी नववी अट मोठ्यानं वाचली, दोनदा वाचली. दिनकररावांनी कागद हातात घेऊन ती अट स्वतः वाचली. मग टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "मालकांचा हुकूम वेगळा आहे. पण सही या कागदावर माझी आहे. काढा कनात."

कनात उतरली आणि नाव उघड्यावर आली. त्यानंतर जे निघेल ते घाटावर, ओट्यावर मांडलं जाऊ लागलं. जीपमधून गेलेलं आधीचं सामानही दिनकररावांनी मागवून घेतलं. सगळं आलं की नाही देव जाणे, पण गोण्या आल्या, आणि मास्तरांच्या वहीतल्या आकड्याशी जुळल्या. शाळेचा फळा ओट्याला टेकवला. मास्तर खडूनं लिहीत: घागर एक, फुटकी. घुंगरू चार. जवानाच्या पट्ट्याची पितळी कडी. वहाणेचा तळ. लांबलांबची माणसं येऊन बघत. दिनकरराव स्वतः खाली बसून माणसांना सांगत, ही फळी नावेच्या कुठल्या जागची. एवढं बोलायला आवडणारा माणूस महिनाभर गप्प कसा बसला होता, याचं मास्तरांना नवल वाटलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी पेटी निघाली.

तहसीलदार आले, पंच आले, नागनाथ सरपंच पुढं. पेटी गंजून फुगली होती. कुलूप जागच्या जागी होतं, त्यावर सरकारी शिशाची मोहर तशीच. सगळ्यांदेखत ते कापलं. आत निजामाचे हाली शिक्के, त्या काळचे रुपये, गंजानं एकमेकांना चिकटून एकच ढेप झालेले. कुणी एक काढला नव्हता. काढणं शक्यच नव्हतं.

घाटावर पाचशे माणूस असेल. मग नागनाथ सरपंच वळले. त्यांना ते जड गेलं, पण बोलले. "बायनाबाई, गावाची चूक झाली. तीन पिढ्या झाली." चतुराबाईनं तिला मिठी मारली. आश्रुबा रडायलाच लागला. बायनाबाई ओट्याच्या कडेला टेकली. आई आठवली, बाप आठवला, जात्यावरची आजी आठवली. तिला वाटलं, आता इथंच संपावं, घरी जाऊन निवांत झोपावं.

पण नाव अजून संपली नव्हती. पुढच्या टोकाच्या फळ्या निघाल्या आणि फळ्यांखालून दगड लागले. बन्सीधर आणि दोघे ते एकेक करून वर आणू लागले. गोल, जड, मधे भोक. दिनकरराव म्हणाले, "नाव तोलायला ठेवले असतील. कडेला टाका." बायनाबाई म्हणाली, "कडेला कामून? मांडा. समदं मांडायचं ठरलंय." सवयीनंच म्हणाली. दगड ओट्यावर आले, उलटे पडले, आणि तिला त्यांचं बूड दिसलं.

ते जात्यांचे दगड होते, आणि प्रत्येक खालच्या दगडाच्या बुडाला एक खूण कोरलेली होती. आडवी कोर आणि तिच्यावर उभी रेघ. नाव आणि नावाड्याची काठी. आता जिवंत असलेल्यांत ही खूण दोनच माणसांनी पाहिली होती. घरचं जातं हलवून नीट बसवताना तिनं आणि आश्रुबानं. त्या जात्याच्या बुडाला हीच खूण होती. आजी सांगायची, त्या साली आज्याच्या डोक्यात जात्यांचा धंदा आला होता, पलीकडून जाती आणून इकडं विकायची. मग काय झालं कोण जाणे, सोडून दिला.

नऊ जाती. अठरा दगड. नावेच्या पुढच्या टोकात, फळ्यांखाली, कुणाला दिसू नयेत असे. आणि खजिना नावेत असताना दुसरा माल भरायचा नाही, असा सरकारचा सक्त हुकूम होता, हे तर गावच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या गोष्टीत होतं. नाव पुढून पाण्यात गेली, हेही.

बायनाबाईला आज्याचं गप्प बसणं एकदम समजलं. चोर नाही म्हणून ओरडला असता, तर लोकांनी विचारलं असतं, मग नाव बुडाली कशी? त्याला ते सांगायचं नव्हतं. एकोणीस माणसं मारली म्हणण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं त्यानं पत्करलं होतं. मार खाल्ला, तो या दगडांसाठी.

मास्तर खडू घेऊन उभे होते. "काय लिहू? तोलाचे दगड, अठरा?"

आश्रुबानंही खूण पाहिली होती. त्यानं तिचा पदर धरला. जन्मात पहिल्यांदा तो तिला काही सांगत होता. "ऱ्हाऊ दे. कुनाला ठावं न्हाई. आत्ताच कुठं धुतलं गेलंय."

चतुराबाईच्या काखेत ती वाटी होती. बायनाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग फळ्याकडं. दहा-बारा आठवडे ती एकच गोष्ट म्हणत होती. आता आपल्या घराचं आलं म्हणून गप्प बसायचं, तर मग ती हिरवी कनात काय वाईट होती?

तिनं पदर सोडवून घेतला.

"तोलाचे न्हाईत मास्तर. लिवा. जाती, नऊ. भुजंग नावाड्याची. आमच्या घरी चला, जातं उलटं करून दावते, हीच खून हाय." तिनं एका दगडावरची खूण बोटानं दाखवली. "खजिना आसताना माल घ्यायचा न्हवता. त्यानं घेतला, चोरून घेतला. चोर न्हवता माजा आजा. पर नाव त्यानंच बुडवली. लिवा."

मास्तरांनी लिहिलं. खडूचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. चतुराबाई वाटी घेऊन उठली आणि वर न बघता घाट चढून गेली. एकेक करून बाया गेल्या. बायनाबाई बाजार संपेपर्यंत, दस्तुराप्रमाणे, त्या दगडांपासून दोन हात लांब बसून राहिली. कुणी मागायला आलं नाही, आणि तिनंही नेले नाहीत. ते अजून तिथंच ओट्याला लावून आहेत. बाया त्यावर धुणं ठेवतात.

पावसाळा आला, गंगा भरली, नावेची जागा पाण्याखाली गेली. कंपनी गेली, दिनकररावांनी छापील अहवालाची एक प्रत शाळेला पाठवली. गावात बायनाबाईला आता कुणी पेटीवाली म्हणत नव्हतं. पण कुणी फारसं काही म्हणतच नव्हतं. तिनं ते मनाशी धरून ठेवलं होतं: बोललं त्याची किंमत ही. असू दे. आपण खोटं ठेवलं नाही.

दसरा सरला आणि ट्रक आले. पहाटेपासून गडबड चालली होती. बायनाबाई अंगण सारवत होती, तर दारात चतुराबाई उभी. प्रवासाचं नेसलेली, डोक्यावर गाठोडं. चार महिन्यांत दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या. चतुराबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि किल्ली पुढं केली.

"ही ठिव."

बायनाबाईचे हात शेणानं भरलेले. तिनं ते पुढं केले नाहीत. "माज्यापाशी? चतुरा, तुजा आजा माज्या आज्यामुळं—"

"ठावं हाय मला. तूच सांगितलंस. चार म्हैने मी त्याच्यावर जळायले, आन् दर टायमाला मला येकच याद येती, तूच सांगितलंस." चतुराबाईनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. "कमलबाईपाशी ठिवायची म्हनून निगाले हुते. पाय हिकडंच वळले. ज्या बाईनं घरचं लपवलं न्हाई ती माजं काय लपविल? धर आता, टरक सुटायलाय."

बायनाबाईनं लुगड्याला हात पुसले. किल्ली घेतली नाही. "आशी न्हाई घेनार. आदी चल तुज्या घरी. काय काय ठिवलंस ते दोगी मिळून बगू, मास्तरांकडून कागदावर लिवून घिऊ, येक कागद तुज्यापाशी, येक माज्यापाशी. मग लाव कुलूप."

चतुराबाई बघतच राहिली. मग गाठोडं खाली टेकवून ती हसली, हसता हसता डोळे पुसू लागली. "आगं बये, टरक जाईल की!"

"जाऊ दे. थांबवते मी टरक," बायनाबाई म्हणाली आणि तशीच, सारवण अर्धं टाकून, तिच्यापुढं निघाली.

आश्रुबा हे सगळं उंबऱ्यातून ऐकत होता. दोघी वळणाआड गेल्यावर तो आत गेला. फडताळ उघडलं, कोनाडे चाचपले, जुना डबा उपडा केला. मग बाहेर येऊन शेजाऱ्याला हाक मारली आणि विचारलं, घरात एखादा खिळा असला तर द्या म्हणून.